तिताची राखण

घर दाखवताना आमच्या घरमालकिणीनं माझ्या नवऱ्याला काही म्हणजे काही विचारलं नाही. लॅब कुठली, व्हिसा कुठला, स्वयंपाकात फोडणी किती, काही नाही. ती सरळ माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "खिडकीकडे पाय करून झोपतेस की डोकं?" मी गोंधळून म्हटलं, "डोकं." तिनं लगेच पलंग आतल्या भिंतीकडे सरकवायला घेतला. आम्ही घर घ्यायचं अजून ठरवलंही नव्हतं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "यार, ही बाई सटकलेली आहे." पण बसस्टॉप दारासमोर होता, आणि ॲन आर्बरमध्ये एक हिवाळा काढलेला माणूस बसस्टॉपपायी बरंच काही चालवून घेतो. ही दोन हजार चार सालच्या ऑगस्टमधली गोष्ट.

बाई मूळची फिलिपिन्सची. उंची जेमतेम पावणेपाच फूट, वय सत्तरीला टेकलेलं, केस काळेभोर रंगवलेले. अंगात बारा महिने निळं कार्डिगन आणि पायात नर्सचे पांढरे बूट. सगळे तिला तिता म्हणायचे. तिता म्हणजे त्यांच्याकडे मावशी, आत्या, काकू, जी काय असेल ती. मीही तेच म्हणायला लागले आणि मनातल्या मनात तिला अगंतुगं करू लागले. ती तळमजल्यावर एकटी राहायची, आम्ही वर. तिनं तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळी केली होती. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण ते तिच्या शरीराला कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. सकाळी दहाला झोपायची, दुपारी तीनला उठायची. "रात्री कोण झोपतं? डॉक्टर," असं ती म्हणायची, आणि त्यात डॉक्टरांबद्दल आदर नसायचा.

तिच्या दारामागे एक काळी, खरखरीत, हातभर लांब चाबकासारखी वस्तू टांगलेली होती. मी मालवणची, त्यामुळे ओळखली. पाकट माशाची वाळवलेली शेपटी. आमच्याकडे पाकट खातात, शेपटी फेकून देतात. इथे मिशिगनमध्ये ती खिळ्याला टांगलेली बघून मला हसू आलं. जिन्याच्या तोंडाशी नारळाच्या हिरांचा खराटा होता, तोही उलटा, हीर वर करून उभा केलेला. आमच्या अंगणात आई ज्यानं झाडायची तो तसाच. मी हात लावायला गेले तर तिता म्हणाली, "राहू दे. तो कामावर आहे."

तिच्या स्वयंपाकघरात खोवणी होती, पाटावर बसून नारळ खोवायची. सुकी मासळी होती. तिचं दार उघडलं की जिन्यात असा वास सुटायचा की माझा सदाशिव पेठेतला नवरा मफलर नाकावर घेऊन दोन-दोन पायऱ्या चढायचा, आणि मी मात्र जिन्यात उगाच घुटमळायचे. भारतातून आल्याला दोन वर्षं झाली होती. घराची आठवण आली की इतर बायका आईला फोन लावत. मी तिताकडे जाऊन नारळ खोवून देत असे.

आधीच्या वर्षी, युनिव्हर्सिटीच्या अपार्टमेंटमध्ये राहत असताना, चौथ्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. आमची मराठी मंडळी भली. डबे घेऊन आली, स्नोबद्दल बोलली, थँक्सगिव्हिंगच्या सेलबद्दल बोलली, आणि जे झालं होतं त्याबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलली. तिताला मी काहीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात खोवणीवर बसले असताना तिनं विचारलं, "किती महिन्यांचं होतं?" मी थक्क झाले. तुला कसं कळलं म्हटलं, तर म्हणाली, "जिना चढताना तुझा हात तिथे जातो." त्या दिवशी मी तिच्यासमोर जी रडले, तेवढी हॉस्पिटलमध्येही रडले नव्हते. माझं रडून झाल्यावर उरलेला अर्धा नारळ तिनं स्वतः खोवला.

सप्टेंबरमध्ये मला पुन्हा दिवस राहिले. हे मूल टिकेल का, ही एकच गोष्ट त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात होती. नवऱ्याच्याही होती, पण तो लॅबमध्ये जाऊन ती विसरू शकत होता. मी डिपेंडंट व्हिसावर. दिवसभर घरात, पोटावर हात ठेवून.

तिताला सांगितलं त्या दिवसापासून ती ड्यूटीवर रुजू झाली. रोज सकाळी नऊला, झोपायला जायच्या आधी, ती वर यायची. बीपीचा जुना पट्टा दंडाला बांधायची, कानात स्टेथोस्कोप घालायची, पाय दाबून सूज बघायची. "एकशे दहा, सत्तर. गुड." मग कार्डिगनच्या खिशातून गोळ्यांची जुनी बाटली काढायची आणि खिडकीच्या चौकटीवर मिठाची बारीक रेघ ओढायची. खिडकीच्या कडीला लसणीची माळ बांधायची. दोन्ही कामं सारख्याच गंभीर चेहऱ्यानं. नवरा कुरकुरायचा, "अगं त्या मिठानं सगळं लाकूड सडेल. तिला सांग ना." मी सांगितलं नाही. एकदा तिलाच विचारलं, "तिता, तुझा यावर खरंच विश्वास आहे?" ती म्हणाली, "मी नर्स आहे. माझा सगळ्यावर विश्वास आहे."

ज्याच्यासाठी हा बंदोबस्त होता त्याचं नाव मनानांगाल. म्हणजे स्वतःला तोडून वेगळं करणारी. दिवसा ती चारचौघींसारखी बाई असते, बहुधा देखणी. रात्री केळीच्या बनात जाते आणि कमरेपासून वेगळी होते. कमरेखालचं अंग तिथेच उभं राहतं, वरचं पंख फुटून उडतं. ज्या घरात पोटुशी बाई झोपली असेल त्याच्या छपरावर बसते, आणि दोऱ्यासारखी बारीक जीभ फटीतून खाली सोडून पोटातलं मूल चोखून नेते. तिला मारायचं तर तिचं उभं राहिलेलं अर्धं अंग शोधायचं आणि त्यावर मीठ टाकायचं. मग तिला परत जोडता येत नाही, आणि उजाडलं की ती संपते. तिता हे सगळं भर दुपारी, कांदा चिरता चिरता सांगायची. भुतांच्या बाबतीत आम्ही मालवणी लोकही कुणाला हार जाणारे नव्हेत, पण आमची भुतं बिचारी पिंपळावर बसून असतात. एवढी उठाठेव करणारं भूत मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिची एक विचित्र समजूत होती. हे भूत टिक टिक असा आवाज करत येतं. आवाज मोठा असेल तर ते लांब आहे. बारीक होत गेला तर जवळ आलं. आमच्या घरात जुने रेडिएटर. थंडी पडली की पाइपांमधून ठोके पडायला लागायचे. ते दणदणीत पडत असले की तिता निवांत कॉफी प्यायची. ते मंदावले की ती पाकटाची शेपटी घेऊन आमच्या जिन्याखाली येऊन उभी राहायची. लॅबमधून आलेल्या नवऱ्याला ती तशी दोनदा भेटली. दुसऱ्या वेळी त्यानं मुकाट्यानं तिला गुड इव्हिनिंग केलं आणि वर आला. मला म्हणाला, "सिक्युरिटी आहे खाली." वॉर्डाबद्दलही तिचं म्हणणं हेच. ओरडणाऱ्या बाईची काळजी करायची नाही. गप्प पडलेल्या बाईकडे धावायचं.

तिच्या बोलण्यात आई फार यायची, पण एका ठिकाणी येऊन थांबायची. जानेवारीत दोन दिवस बर्फ पडून सगळं बंद झालं, तेव्हा मी खाली जाऊन बसले होते. ती सूप ढवळत होती. मी सहज विचारलं, "तुझी आईपण नर्स होती?"

"सुईण," ती म्हणाली. आणि मग चमचा न थांबवता सगळं सांगितलं.

एका पावसाळ्यात गावात तिच्या आईच्या हातची चार मुलं लागोपाठ गेली. ताप असेल, पाणी वाईट असेल. गाव म्हणालं, ही तीच. कोणी मारलं नाही, घर जाळलं नाही. फक्त बोलवायचं बंद केलं. ती वाटेनं गेली की मागून बायका तिच्या पावलांवर मीठ टाकायच्या. तिता तेव्हा सात वर्षांची. शाळेतल्या मुलींनी तिला सांगितलं होतं की खात्री करून घ्यायची तर रात्री आईच्या कमरेला हात घालून झोप, म्हणजे वेगळी झाली तर कळेल. ती झोपू लागली. रोज, दोन्ही हातांची मिठी घालून. आईला वाटायचं, लेक मायेनं बिलगते.

"आणि एके रात्री जाग आली तर आई नव्हती," तिता म्हणाली. "मी उठले, चुलीजवळचं मीठ घेतलं आणि तिच्या चटईवर टाकलं. तिच्या जागेवर."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण तिला सांगायचं होतं. कुणी तरी अडलेली बाई होती. घरच्यांनी आईला गुपचूप मागच्या दारानं बोलावलं होतं. ती पहाटे परत आली. चटईवर मीठ पाहिलं. लेक डोळे मिटून पडली होती, पण तिला कळलं असणार. तिनं मीठ झाडलं नाही. तशीच त्यावर आडवी झाली.

"नंतर कधी विचारलं नाही तिनं?"

"नाही. पण मी पुन्हा कमरेला हात घातला, तर तिनं तो काढून ठेवला." तितानं गॅस बंद केला. "मी नर्स झाले. तीस वर्षं बायकांजवळ जागले. एवढं पुरेल का, मला माहीत नाही."

फेब्रुवारीत मला सातवा लागला आणि माझी आई आली. मालवणहून मुंबई, मुंबईहून डेट्रॉइट, बॅगेत कोकम, कुळथाचं पीठ आणि डिंकाचे लाडू. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मी एक चूक केली. आईच्या मनात तिताबद्दल माया उपजावी म्हणून मी तिला ती सुईणीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आईला वाईट वाटेल. आई दाराआडची शेपटी बघून आली होती, खिडकीतलं मीठ बघितलं होतं, उलटा खराटा बघितला होता. तिनं गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे तिच्या घराण्यातच काहीतरी आसा."

"अगं आई, काय बोलतेस?"

"मी वायट बोलूक नाय. बाय बरी आसा. पण तिका पोर ना बाळ. एकदा तुझा असा झाला. आता तिची नजर पोटार नको."

माझी आई दुष्ट नाही. तिच्या जागी कुठलीही आई हेच म्हणाली असती, आणि मलाही हे मूल जायची भीती इतकी होती की लसूणही चालत होती आणि आईचं म्हणणंही चालत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जिन्यात पांढऱ्या बुटांची चाहूल लागली, तेव्हा मी दार अर्धं उघडून म्हटलं, "तिता, आई आलीय ना, आता ती बघेल. तू आराम कर." तिनं हातातला बीपीचा पट्टा गुंडाळला. "बरं झालं आई आली," म्हणाली आणि खाली गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, म्हणून मी स्वतःला सांगितलं की तिला काही वाटलेलं नाही.

त्याच रविवारी माझं डोहाळजेवण होतं. आमच्या मंडळींनी हौसेनं सगळं केलं. नागपूरची रश्मी, आमच्यातली सगळ्यात धाकटी, ग्रोसरीतून पांढरी फुलं आणून दागिने करत बसली होती. थर्माकोलची चंद्रकोर होती. तिताला मी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की सगळं मराठीत असतं, तुला कंटाळा येईल. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, पण घरात पंधरा बायका असल्यावर कोणाचं ठणकणार नाही? हिरव्या बांगड्या हातात जाईनात. दोघींनी साबण लावून, हात चेपून त्या कशाबशा चढवल्या. "मस्त बाळसं धरलंयस," रश्मी म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले.

जेवणं व्हायच्या आधी दारावर टकटक झाली. तिता होती. फुगीर बाह्यांचा, ठेवणीतला पिवळा ड्रेस घालून, ओठांना लाली लावून. बसायला आलेली नव्हती. हातात मोठी थाळी, गूळ आणि नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट तांदूळ, वर केळीचं पान. आई पुढे झाली, हसली, "थँक्यू, थँक्यू" म्हणाली, थाळी घेतली, आणि दार लावलं. दार लागायच्या आत तितानं मान उंचावून माझ्याकडे एकदा बघितलं, तेवढंच. ती खाली गेल्यावर आईनं दार उघडून थाळी बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, चपलांशेजारी ठेवली.

मग आई मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माझी दृष्ट काढायला लागली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची म्हणत ओवाळलं, माझ्या खुर्चीभोवती मीठ सांडलं, आणि मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. मालवणात धूर वर कौलांतून निघून जातो. इथे छताला अलार्म. तो असा कोकलायला लागला की बायका कान धरून उभ्या राहिल्या. नवरा स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालायला लागला. सगळ्या खोकत होत्या, हसत होत्या, आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

तिता धावत वर आली होती. हातात आग विझवायचं लाल सिलिंडर, पिवळा ड्रेस तसाच. आग नाही असं दिसल्यावर तिनं सिलिंडर खाली ठेवला. तव्यावरचं मीठ पाहिलं. माझ्या खुर्चीभोवतीचं मीठ पाहिलं. अलार्म थांबला.

"हे मीठ कशासाठी?" तिनं विचारलं.

रश्मीला बिचारीला काय माहीत. ती समजावून सांगायला पुढे आली. "इट्स नथिंग तिता, आमच्यात करतात. कोणाची वाईट नजर लागली असेल तर ती जाते."

"कोणाची?"

दार उघडं होतं आणि तिच्या पाठीमागे चपलांशेजारची थाळी दिसत होती. ती थाळी ओलांडूनच तिता आत आली होती. आमच्यात पाहुणे आले की सगळ्यांचीच काढतात, असं मला म्हणता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं. मला तेव्हा इतकी लाज वाटली की आजही ते आठवलं की कान गरम होतात.

तिता जायला वळली. आणि थांबली. तिची नजर माझ्या हातांवर गेली. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"डोकं दुखतंय?" तिनं उंबरठ्यावरूनच विचारलं.

"हो."

"डोळ्यांसमोर चमकतं?"

"सकाळपासून थोडं." हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "गाडी काढ. हॉस्पिटल. आत्ता. फोन करत बसू नकोस." हा वॉर्डातला आवाज असणार, कारण तो स्टुलावरून उतरला तो सरळ किल्ल्याच घेऊन. मी तिच्या शेजारून बाहेर पडताना आधारासाठी हात पुढे केला. तिनं अंग चोरून मला वाट दिली. हात लावला नाही.

प्रेशर एकशे ऐंशीच्या वर गेलेलं होतं. सात दिवस ते कोणी मोजलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सिझेरियन करून मुलगी झाली, तीन पौंडांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत थांबला असतात तर दोघींबद्दल काही सांगता आलं नसतं. आई हे ऐकून कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसली. रात्री मला म्हणाली, "त्या बायन वाचवल्यान गो तुका." मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायचा अधिकार मला कुठे होता?

मुलगी पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. तिता हॉस्पिटलमध्ये एकदाही आली नाही. नवरा सांगायचा की रोज पहाटे आमच्या बाजूच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढलेला असतो. त्यानं दोनदा तिला गाडीतून चल म्हटलं, तर म्हणाली काम आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही मुलीला घरी आणलं. मी वर न जाता आधी तळमजल्यावरचं दार वाजवलं. तिता बाहेर आली. दुपट्यात वाकून बघितलं. बाळाचा रंग बघितला, श्वास बघितला, टाळू बघितली, सगळं डोळ्यांनीच. "गुड," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी मुलगी तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "घे ना."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आईला विचारलंस?"

आई माझ्या मागेच उभी होती, बॅग हातात घेऊन. मी वळून बघितलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं, याची मला आज खात्री आहे. तेव्हा नव्हती. आई नाही म्हणाली तर तिताला ते ऐकावं लागेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी वळले नाही. मुलगी छातीशी घेऊन जिना चढायला लागले.

ऑगस्टमध्ये लीज संपली आणि आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला आलो. माझ्या मुलीला तोवर गल्लीतल्या सगळ्यांनी खेळवलं होतं, पोस्टमननंसुद्धा. तितानं तिला एकदाही उचलून घेतलं नाही.